मूळचे कुठले?



मंडळाच्या मागच्या बैठकीला जे हजर होते त्यांना हा विषय ठाऊक आहे. जे नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सभागृहाची डावी भिंत रंग दिल्यापासून रिकामी आहे. तिथे ‘माळव्याचे मराठी लोकनेते’ असा एक फलक लावावा, एवढाच ठराव होता. चहा येईपर्यंत तो मंजूर होईल असे वाटले होते. प्रत्यक्षात दोन तास गेले आणि ठराव पुढच्या बैठकीवर ढकलावा लागला.

अडचण अशी झाली की नावे कोणाची, हेच ठरेना. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, जो या मातीत जन्मला तो इथला. लगेच कोणीतरी विचारले, मग सुमित्राताई महाजनांचे काय? ताईंचा जन्म १९४३ सालचा, चिपळूणचा. लग्न होऊन त्या इंदूरला आल्या. १९८९ पासून सलग आठ वेळा इंदूरने त्यांना लोकसभेत पाठवले आणि २०१४ ते २०१९ या काळात त्या लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. त्यांना वगळून माळव्याचा फलक कसा होणार? दुसरे म्हणाले, बरे, जन्म सोडा, ज्याने इथे काम केले तो इथला. तर मग बाबासाहेब आंबेडकर गळतात. १४ एप्रिल १८९१ रोजी ते महूला जन्मले, कारण वडील लष्करात सुभेदार होते. ते अगदी लहान असतानाच कुटुंबाने महू सोडले. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे, आणि कर्मभूमी मुंबई. तिसऱ्यांनी तोडगा काढला की जन्म किंवा काम, दोन्हींपैकी एक असले तरी पुरे. हे पटण्यासारखे होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “मग पहिले नाव दुसऱ्या बाजीरावाचे लिहा!” शेवटच्या पेशव्याचा जन्म १७७५ सालचा, आपल्या धारच्या किल्ल्यातला. राघोबादादांच्या धावपळीच्या दिवसांत आनंदीबाईंना धारेत आसरा मिळाला होता. सभा हसली, पण ते नाव फलकावर घ्यायला कोणी तयार झाले नाही. जन्म ऐन आपल्या गावचा असूनही!

घरी आलो तर मुलगी स्पर्धा परीक्षेचे पुस्तक घेऊन बसली होती. तिने विचारले, “बाबा, अमेरिकेला सर्वांत जास्त अध्यक्ष कोणत्या राज्याने दिले?” तिच्या एका पुस्तकात उत्तर होते व्हर्जिनिया, आठ. दुसऱ्यात होते ओहायो, तेही आठ. कोणते खरे धरायचे? आम्ही दोघांनी मिळून यादी मांडली. व्हर्जिनियात जन्मलेले आठ भरले: वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन, मन्रो, विल्यम हेन्री हॅरिसन, टायलर, टेलर आणि विल्सन. ओहायोत जन्मलेले सातच भरले: ग्रँट, हेज, गारफिल्ड, बेंजामिन हॅरिसन, मॅकिन्ली, टाफ्ट आणि हार्डिंग. मग आठवा कोण? तर तेच विल्यम हेन्री हॅरिसन. जन्म व्हर्जिनियाचा, पण १८४० मध्ये निवडून आले तेव्हा ते ओहायोचे रहिवासी होते. म्हणजे एकच माणूस दोन राज्यांच्या खात्यांत जमा! आमच्या बँकेत असे झाले तर संध्याकाळी हिशेब जुळेपर्यंत कोणी घरी जाऊ शकत नाही. तिकडे मात्र दोन्ही राज्ये आपापली बेरीज आठ सांगून मोकळी.

पुढे पाहिले तर गुंता वाढतच गेला. व्हर्जिनियाच्या आठांपैकी टेलर अध्यक्ष झाले ते लुइझियानाचे म्हणून, आणि विल्सन न्यू जर्सीचे गव्हर्नर म्हणून. ओहायोच्या सातांपैकी ग्रँट इलिनॉयचे आणि बेंजामिन हॅरिसन इंडियानाचे म्हणून निवडून आले. अँड्र्यू जॅक्सन यांचा जन्म उत्तर आणि दक्षिण कॅरोलिनाच्या अशा सीमाभागातला की दोन्ही राज्ये त्यांना आपले म्हणतात, आणि त्यांनी राजकारण केले तिसऱ्याच टेनेसी राज्यात. आजच्या काळातही तेच. ओबामा हवाई बेटांवर जन्मले आणि शिकागोत मोठे झाले ते नेते म्हणून. धाकटे बुश कनेक्टिकटला जन्मले आणि टेक्ससचे गव्हर्नर झाले. बायडेन यांचा जन्म पेनसिल्व्हेनियाचा आणि राजकारण डेलावेअरचे.

तिथल्या राज्यघटनेत अध्यक्ष जन्माने अमेरिकन नागरिक असावा अशी अट आहे, पण तो कोणत्या राज्यात जन्मला याच्याशी तिला देणेघेणे नाही. राज्याचा प्रश्न एकाच ठिकाणी येतो. अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींना आपल्या दोन मतांपैकी किमान एक तरी दुसऱ्या राज्याच्या माणसाला द्यावे लागते. २००० साली बुश आणि त्यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार डिक चेनी दोघेही टेक्ससमध्ये राहत होते. टेक्ससच्या प्रतिनिधींना दोघांनाही मते देता आली नसती. म्हणून चेनी यांनी आपली मतदार नोंदणी वायोमिंग या आपल्या जुन्या राज्यात हलवली. ट्रम्प जन्मापासून न्यूयॉर्कचे, पण २०१९ मध्ये त्यांनी आपले कायमचे राहण्याचे ठिकाण फ्लोरिडा असल्याचे जाहीर केले. एका अर्जाने गाव बदलते, असा याचा अर्थ.

पण अर्जाने बदलते ते गाव, गावचे मन नव्हे. त्याच २००० सालच्या निवडणुकीत अल गोर आपले टेनेसी राज्य हरले. ते एक राज्य जिंकले असते तर फ्लोरिडाच्या मतमोजणीचा सारा वाद होऊनही ते अध्यक्ष झाले असते. आपल्याकडेही अटलबिहारी वाजपेयी जन्माने ग्वाल्हेरचे, पण १९८४ मध्ये त्याच ग्वाल्हेरात त्यांना माधवराव शिंद्यांकडून हार पत्करावी लागली, आणि पुढे पंतप्रधान झाले ते लखनौचे खासदार म्हणून. जिने हरवले ती जन्मभूमी, आणि जिने निवडून दिले ती दुसरीच. असे का होते, याचा विचार आपण कधी केला आहे का?

मला वाटते, उत्तर लिंकन यांच्या चरित्रात आहे. ते १८०९ मध्ये केंटकीत एका लाकडी खोपटात जन्मले, इंडियानात वाढले आणि तरुणपणी इलिनॉयला आले. १८६० च्या निवडणुकीत जन्मराज्य केंटकीने त्यांना अगदी नाममात्र मते दिली. इलिनॉयने त्यांना जिंकून दिले. फेब्रुवारी १८६१ मध्ये अध्यक्षपद घेण्यासाठी स्प्रिंगफील्ड गाव सोडताना ते स्टेशनवर जमलेल्या लोकांशी चार शब्द बोलले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता की माझे जे काही आहे ते या गावाने आणि इथल्या लोकांच्या मायेने दिले आहे, इथे माझी मुले जन्मली आणि एकाला इथेच पुरले आहे. केंटकीचे नाव त्यांनी त्या वेळी काढले नाही. आपले गाव कोणते, हे त्यांना कोणी विचारायची गरजच नव्हती.

आता आपल्याकडे वळतो, कारण अमेरिकेची यादी पाठ करून आपल्याला काय करायचे आहे?

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेक घराणी दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी पवारांच्या मागोमाग इकडे आली. कोणी फौजेत, कोणी दफ्तरात, कोणी पूजेअर्चेला. माझे पणजोबा वाईकडून आले आणि धार संस्थानच्या दफ्तरात कारकून झाले, म्हणजे आमचा मुक्काम तुलनेने अलीकडचा. आजोबा इथे जन्मले, वडील इथे जन्मले, मी इथे जन्मलो. तिघांपैकी दोघांची राखही इथेच. तरी बँकेच्या खिडकीवर एखाद्या ग्राहकाने आडनाव वाचून विचारले, “साब, मूल कहाँ के हो?” की माझ्या तोंडून आपोआप निघते, “सातारा जिला.” त्या गावी मी आयुष्यात दोनदा गेलो आहे. दुसऱ्या खेपेला देवळाच्या ओट्यावर बसलेल्या एका आजोबांनी विचारले, “पाव्हणं, कुठनं आलात?” मी म्हणालो, “धारहून.” त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, “म्हंजे तिकडचेच की तुमी.” त्यांनी एका वाक्यात जे ओळखले ते मला पंचेचाळीस वर्षांत उमगले नव्हते.

माझ्या टेबलावर रोज खात्यांचे अर्ज येतात. त्यात ‘स्थायी पत्ता’ असा एक रकाना असतो. आपल्याच एका वृद्ध सभासदांनी त्यात कोकणातल्या गावाचे नाव लिहिले होते, कारण ‘स्थायी’ म्हणजे मूळ अशी त्यांची समजूत. मुदत ठेवीची सूचना त्या पत्त्यावर गेली आणि या नावाचे कोणी नाही असा शेरा घेऊन परत आली. ते स्वतः मात्र बँकेपासून चार घरे पलीकडे राहत होते! आम्ही दोघे त्यावर हसलो. पण हसण्याजोगे ते फारसे नाही. आपल्या समाजाची बरीच पत्रे अशीच चुकीच्या पत्त्यावर जात आहेत.

याचा राजकारणाशी काय संबंध, असे कोणी विचारील. सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डात नगरपालिकेची निवडणूक होती. गटाराचा प्रश्न जुना, पाण्याचा त्याहून जुना. गल्लीतल्या चार-पाच लोकांनी मिळून आमच्या नात्यातल्या एका सुशिक्षित गृहस्थांना उभे राहण्याची विनंती केली. नोकरीच्या नियमांमुळे मला उभे राहता येत नाही. त्यांना येत होते. ते म्हणाले, “आपण पडलो बाहेरचे, आपल्याला कोण मत देणार?” तेव्हा शेजारचे शिंपीचाचा, ज्यांनी माझ्या मुंजीचे कपडे शिवले, रागावून म्हणाले, “भाऊ, तीन पीढ़ी से यहाँ हो, बाहर के कैसे?” ते गृहस्थ उभे राहिले नाहीत ते नाहीतच. लोकांनी आपल्याला बाहेरचे ठरवले नव्हते. आपणच आपल्याला ठरवले.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. मतदार यादीत नाव घालण्यासाठी कायदा तुमचे जन्मगाव विचारत नाही, आजोबांचे तर नाहीच नाही. माणूस साधारणतः तिथे राहत असला पाहिजे, एवढेच तो पाहतो. उलट, केवळ मालकीचे घर आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही, असे लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. आता उमेदवारीचे पाहा. काही थोडे अपवाद सोडले तर लोकसभेसाठी देशातल्या कुठल्याही मतदारसंघाचा मतदार कुठूनही उभा राहू शकतो. विधानसभेसाठी त्या राज्याचा मतदार असावे लागते. नगरपालिकेसाठी मात्र त्याच नगरपालिकेच्या यादीत नाव लागते. म्हणजे सभागृह जितके लहान तितका उंबरठा जवळचा. राज्यसभेसाठीही पूर्वी त्या राज्याचा मतदार असण्याची अट होती. आजच्या पाकिस्तानातल्या गाह गावी जन्मलेले डॉ. मनमोहनसिंग याच अटीमुळे १९९१ मध्ये आसामचे मतदार म्हणून राज्यसभेत गेले. २००३ मध्ये कायदा बदलून ती अट काढली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. दिल्लीला तुमचे गाव कोणते याची आता फारशी फिकीर उरलेली नाही. वॉर्डाला आहे. आणि वॉर्डातच आपण नाही.

कोणी म्हणेल, देवासला तर आपलीच माणसे आमदार आहेत. खरे आहे. १९९० पासून तुकोजीराव पवार आणि २०१५ मध्ये त्यांच्या निधनानंतर गायत्रीराजे यांना देवासने पुन्हा पुन्हा निवडून दिले. पण राजवाड्याचा वारसा वेगळा आणि तुमच्या-आमच्या वाड्यातल्या माणसाने लोकांसमोर मत मागणे वेगळे. लोकसभेचे म्हणाल तर धारची जागा अनुसूचित जमातींसाठी आणि देवासची अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. त्याबद्दल काही घरांतून कुरकुर ऐकू येते. मला ती पटत नाही. आपले पूर्वज घोड्यावरून इथे उतरले त्याच्या कितीतरी आधीपासून भिल्ल आणि भिलाले या डोंगरांत राहत आहेत. ‘मूळचे कुठले’ हा प्रश्न धार जिल्ह्यात खरोखर मोजायचा झाला तर आपला नंबर बराच मागे लागेल. तेव्हा जन्माच्या हक्काची भाषा आपण तरी न केलेली बरी. आपला हक्क राहण्याचा आणि कामाचा. तो पुरेसा आहे.

कामाचा हक्क म्हणजे काय, हे समजायला कुशाभाऊ ठाकरे पाहा. १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म, आपल्या धारचा. पक्षाचे काम करत ते आयुष्यभर मध्य प्रदेशाच्या गावोगाव फिरले. १९७९ च्या पोटनिवडणुकीत ते खंडव्यातून लोकसभेवर गेले आणि १९९८ ते २००० भारतीय जनता पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. तुमचा-माझा पक्ष कोणताही असो, भोपाळच्या बसस्थानकाला त्यांचे नाव आहे ते त्यांचे मूळ गाव महाराष्ट्रात कुठले, हे पाहून दिलेले नाही. दुसरीकडे देवास थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार १९४७ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेले आणि शहाजी महाराज झाले. जन्म देवासचा, पण ते पूर्ण कोल्हापूरचे झाले आणि कोल्हापूरने त्यांना आपले म्हटले. वसुंधराराजे जन्मल्या मुंबईत, घराणे ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे, आणि दोन वेळा मुख्यमंत्री झाल्या त्या राजस्थानच्या. जिथे गेले तिथले झाले की लोक स्वीकारतात, हे आपल्याच माणसांनी दाखवून दिले आहे.

यावर माझ्या वडिलांच्या पिढीतले लोक विचारतील, मग काय महाराष्ट्र विसरायचा? कुलदैवत, भाषा, पुरणपोळी, सगळे सोडायचे? मुळीच नाही. अमेरिकेचे आठवे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांची मातृभाषा डच होती. मातृभाषा इंग्रजी नसलेले ते आजवरचे एकमेव अध्यक्ष. न्यूयॉर्क राज्यातल्या त्यांच्या गावी घराघरांत डच बोलत. म्हणून ते हॉलंडचे ठरले नाहीत, न्यूयॉर्कचेच राहिले. आणि इतके दूर तरी कशाला जायचे? बेळगावजवळच्या सुळेभावीला जन्मलेले, घरी कानडी बोलणारे कुमार गंधर्व १९४८ मध्ये आजारी अवस्थेत देवासला आले. बरे झाल्यावर परत गेले असते तर कोणी काही म्हटले नसते. ते राहिले, माळव्याची लोकगीते ऐकली, गायली आणि १९९२ मध्ये इथेच देह ठेवला. आज सारा देश त्यांना देवासचे म्हणून ओळखतो. भाषा घरची आणि गाव राहण्याचे, या दोन्ही गोष्टी एका माणसात सुखाने नांदतात. अहिल्यादेवींचेच पाहा. जन्म १७२५ चा, चौंडीचा; राज्य केले महेश्वराहून. आज चौंडी ज्या जिल्ह्यात येते त्या जिल्ह्याला २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात. त्यांनी महेश्वरला घाट बांधले, कारभार केला, आणि मग दोनशे वर्षांनी जन्मभूमीने त्यांचे नाव घेतले. आधी काम, मग नाव.

तेव्हा माझ्या सूचना अशा आहेत. पहिली, फलकाविषयी. नावासमोर दोन रकाने ठेवावेत, एक जन्मस्थानाचा आणि एक माळव्यासाठी काय केले याचा. दुसरा रकाना रिकामा असेल तर नाव घेऊ नये. याने बाजीरावांचा प्रश्न परस्पर सुटतो. बाबासाहेबांचे नाव मात्र घ्यावेच, कारण त्यांनी लिहिलेल्या घटनेच्या आधाराने इथला प्रत्येक मतदार मत देतो. शिवाय महू आज धारच्याच लोकसभा मतदारसंघात येते.

दुसरी सूचना, मतदार यादीची. मंडळाने एक रविवार ठरवून घरोघर यादी तपासावी. जी मुले पुण्याला किंवा बंगळुरूला कायमची स्थायिक झाली आहेत त्यांनी तिथे नाव नोंदवावे, मनाने तिथले व्हावे आणि तिथल्या वॉर्डात लक्ष घालावे. कुलूप लावलेल्या वाड्याच्या पत्त्यावर नाव ठेवून दोन्हीकडे गैरहजर राहू नये. एक नाव दोन खात्यांत ठेवण्याची सोय कायद्यातही नाही. आणि जे इथे आहेत त्यांनी पूर्ण इथले व्हावे.

तिसरी, धार नगरपालिका आणि देवास महानगरपालिकेच्या पुढच्या निवडणुकीत आपल्या घराण्यांतले दोन-तीन तरी स्त्री-पुरुष, कोणत्याही पक्षाचे किंवा अपक्ष, उभे राहावेत. मराठी मतांसाठी नव्हे, तेवढ्या मतांवर एक वॉर्डही निघणार नाही. गटार आणि पाण्यासाठी, सगळ्या गल्लीच्या वतीने. पडले तरी चालतील. लिंकनही सिनेटची निवडणूक दोनदा हरले होते.

शेवटचे घरचे. मुलीने परवा नोकरीचा अर्ज भरला. त्यात गृहराज्य असा रकाना होता. तिने न थांबता ‘मध्य प्रदेश’ लिहिले आणि पुढच्या रकान्याकडे वळली. मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’. तिला यात अडचण दिसलीच नाही. मी मात्र दुसऱ्या दिवशी खिडकीवर नेहमीचा प्रश्न आला तेव्हा क्षणभर अडखळलो, आणि पहिल्यांदाच म्हणालो, “यहीं के हैं, धार के.” त्या गृहस्थांनी पासबुक पुढे केले आणि काम सुरू झाले. विशेष काही घडले नाही.

पुढच्या बैठकीत ठराव पुन्हा येईल. ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांनी जरूर लिहावे. विचार व्हावा, ही विनंती.